लाल भेंडीपासून सुरुवात करा

घरी वेगळ्या रंगाच्या भाज्या लावायच्या असतील तर पहिल्याच वर्षी जांभळा फ्लॉवर, काळं गाजर, पिवळं बीट असं सगळं मागवू नका. एक लाल भेंडी लावा. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने काढलेली 'काशी लालिमा' ही जात आपल्या उन्हाला छान जमते. बी रात्रभर भिजवा, एका मोठ्या कुंडीत एकच रोप ठेवा आणि कुंडीला निदान सहा तास ऊन मिळू द्या. सावलीत हा लाल रंग फिकाच राहतो. पांढरी माशी मात्र रोज पानं उलटून बघा. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा, म्हणजे या माशीने पसरवलेला विषाणूचा रोग. रोप सरळ उपटून टाका, जीव लावू नका.

आता खरी गंमत. हौसेने तोडलेली लाल भेंडी परतली की बरीचशी हिरवट दिसू लागते, आणि घरचे हसतात! हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो पाण्यात विरघळतो, उष्णतेने उडतो. जांभळ्या घेवड्याचंही तेच. म्हणून कोवळी भेंडी कच्चीच बारीक चिरून कोशिंबिरीत घाला, वर लिंबू पिळा. आंबटाने रंग खुलतो.

बी धरायचं असेल आणि शेजारी हिरवी भेंडी असेल, तर कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिच्यावर मलमलची छोटी पिशवी बांधा. नाहीतर मधमाश्या संकर करतील.

आणि ते ऑनलाइन दिसणारं निळ्या स्ट्रॉबेरीचं बी? फोटोच तेवढा निळा असतो.