ड्रॉइंग आली, हातोटी मागे राहिली

परदेशी कंपनी विकत घेतली की तिचे तंत्रज्ञान आपोआप आपल्याकडे येते का, असे आपण विचारले आहे. सांगलीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉपमध्ये पंचवीस वर्षे काढल्यावर माझे उत्तर असे, की ड्रॉइंग येतात, पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने) येतात, पण हातोटी माणसांबरोबरच येते.

मी पूर्वी नोकरीला होतो त्या कारखान्याने युरोपातील एक लहान पंप कंपनी घेतली. तिच्या पंपांचे कास्टिंग (ओतीव भाग) आमच्याकडे मापात अचूक उतरत होते, तरी पाण्याच्या दाबाच्या चाचणीत एकाच ठिकाणी पाझरत होते. सात महिने आम्ही वाळू, धातू आणि एकमेकांना दोष देत राहिलो. शेवटी तिकडच्या म्हाताऱ्या मोल्डरला (वाळूचे साचे करणाऱ्या कारागिराला), ज्याला आमच्याच व्यवस्थापनाने पहिल्या कपातीत घरी पाठवले होते, रोजावर बोलावून आणावे लागले. त्याने खडूने पॅटर्नवर चार फुल्या मारल्या: जाड भाग लवकर गोठावा, आत पाझरणारी पोकळी राहू नये म्हणून तिथे तो लोखंडी चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा तुकडा, बसवत असे. ड्रॉइंगवर त्याचा उल्लेखही नव्हता.

टाटा मोटर्सने 2004 मध्ये दक्षिण कोरियातील देवूचा ट्रक व्यवसाय घेतला, तेव्हा प्रमुखपदी कोरियन माणूसच ठेवला. दोन्हीकडचे अभियंते एकत्र बसले आणि 2009 मध्ये ‘प्रायमा’ ट्रक आला. आपल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा. त्या किर्लोस्कर ब्रदर्सने 2003 मध्ये ब्रिटनची एसपीपी पंप्स घेतली, पण अग्निशमन पंपांत रुजलेले तिचे नाव पुसले नाही. प्रमाणपत्रांवर आणि विश्वासावर चालणाऱ्या या धंद्यात ते नाव पुसणे म्हणजे दिलेल्या पैशातला मोठा वाटा पाण्यात घालणे.

शिकणे आणि नफा ही मात्र दोन वेगळी खाती आहेत. महिंद्राने 2011 मध्ये घेतलेल्या कोरियातील सँगयाँग या मोटार कंपनीने 2020 च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला. तरीही महिंद्राची 2019 ची एक्सयूव्ही 300 ही गाडी सँगयाँगच्याच टिव्होली गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे मूळ सांगाड्यावर, उभी होती. ताळेबंद पाहणारा या सौद्याला फसलेला म्हणेल, आणि पैशाच्या हिशेबात ते बरोबरही आहे, पण डिझाइन विभागातला माणूस तसे म्हणेलच असे नाही.

आपणही अशी कंपनी घेणार असाल, तर तिथले कोणते मोल्डर, फिटर आणि चाचणी करणारे किमान दोन वर्षे थांबणार आहेत, हे सही करण्यापूर्वी नावानिशी ठरवून घ्या. तिकडे जाणाऱ्या पहिल्या तुकडीत मॅनेजरांबरोबर आपला एक मोल्डरही असू द्या.