कोल्हापुरात राहून आरजे आणि स्टँडअप कॉमेडी दोन्ही जमतं का? पोट भरतं का?

भावा, तू लिहिलायस की बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, कॉलेजचं गॅदरिंग गाजवलंयस आणि घरात विचारतात "बडबडून पोट भरतंय व्हय?" मी हे दोन्ही करतो, 2014 पासून रेडिओ आणि 2018 पासून स्टँडअप, म्हणून लिहितो. आणि हो, मी बाई आहे. "करतो", "लिहितो" ही टायपिंगची चूक नाही, आमच्या पेठेत पोरी अशाच बोलतात, आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्यातच अडकलंय.

स्टेशनवर लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं की ऑन एअर "आलो-गेलो" चालणार नाही, "आले-गेले" पाहिजे. मग कागदावर मोठ्या अक्षरात "आले" लिहून माईकच्या स्टँडला चिकटवलं. सहा महिन्यांत जीभ अशी वळली की एकदा घरी दारातनंच ओरडलो "आई, मी आले" तर आतनं आवाज, "कोण आलंय बघा रे."

रेडिओचं काम बाहेरनं वाटतं तसं नाही. सकाळचा शो चार तासांचा असला तरी तासाला माझं बोलणं जेमतेम दहा मिनिटं, बाकी गाणी आणि जाहिराती. एक लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, दीड मिनिटाची, तेवढ्यात वेळ सांगायची, स्पॉन्सरचं नाव घ्यायचं, एखादा किस्सा टाकायचा आणि गाणाऱ्याचा आवाज सुरू व्हायच्या आत गप बसायचं, आणि हे पहाटे साडेपाचला उठून, रोज, सर्दी असली तरी. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण ट्रॅफिक, हवामान, परीक्षा, पूर असल्या माहितीला हरकत नाही. 2019 च्या ऑगस्टात हेच कामाला आलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इथं पोराटोरांना पण पाठ असते, 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, आणि त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलेलं. त्या आठवड्यात एक जोक नाही, नुसते फूट, इंच आणि कुठला रस्ता बंद. आजपण लोक भेटले की त्या आठवड्याचं बोलणं काढतात, माझे जोक मात्र कुणाला आठवत नाहीत.

पैशाचं सरळ सांगतो. सुरुवातीला हातात 9,000 यायचे. आता बरे येतात, पण नुसत्या पगारावर माझं घर चाललं नसतं. खरा पैसा बाहेरच्या कामात, म्हणजे सूत्रसंचालन, शोरूमचं उद्घाटन, लग्नातलं संगीत, हळदीकुंकू, पैठणीचे खेळ. महापालिकेचं इलेक्शन जवळ आलं की गल्लोगल्ली इच्छुकांना वहिनींची आठवण होते आणि माझा सीझन सुरू होतो. पैसे मात्र आधी घ्यायचे. एका मंडळाकडं माझे 4,000 गणपती विसर्जन झाल्यापासून अडकलेत, गणपती कुठल्या सालचा ते विचारू नको.

आता स्टँडअप. माझी सुरुवात पुण्यात झाली. शनिवारी शो संपवून स्टँडवरनं एसटी पकडायची, 230 किलोमीटर, स्वारगेटला उतरायचं, कॅफेत ओपन माईकला, म्हणजे कुणीपण उठून बोलायच्या कार्यक्रमाला, नाव लिहायचं आणि पाच मिनिटं बोलायचं. फुकट. वर कॉफी आपल्याच पैशानं. पहिल्या ओपन माईकला माझा पार फज्जा उडाला आणि कारण रेडिओच होतं. रेडिओत दोन-तीन सेकंद आवाज गेला की सगळ्यांची धावपळ होते, त्यामुळं गप बसायची मला भीतीच बसलेली. लोक हसायला लागायचे आणि मी त्यांच्या हसण्यावरच पुढचं वाक्य टाकायचो, म्हणजे हसू पण गेलं आणि वाक्य पण गेलं. थांबायला शिकायला मला वर्ष लागलं.

चौथ्या की पाचव्या वेळी नर्व्हस होऊन तोंडातनं निघालं, "नमस्कार, मी कोल्हापूरहून आलो." हॉल फुटला! मी अजून जोक सुरूच केला नव्हता. मग त्यावरच आठ मिनिटं बांधली, आई, मावशी, आजी सगळ्या "मी जातो, मी येतो" म्हणणाऱ्या, आणि लग्नासाठी बघायला आलेला पुण्याचा पोरगा बावचळलेला. पुण्यात ते आजपण फसत नाही.

तेच मी राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये केलं, साठ माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. शांतता. दुसऱ्या रांगेतले एक काका अगदी काळजीनं म्हणाले, "मग? कसं बोलायचं असतंय?" बरोबरच होतं की त्यांचं. इथल्या कट्ट्यावर बसलेला कुठलाही माणूस माझ्यापेक्षा भारी टोला मारतो, त्याला त्याचंच बोलणं तिकीट लावून का ऐकवायचं? पुढच्या वेळी मी तो भाग उलटा केला. कोल्हापूरची पोरगी रेडिओत लागते आणि "आले, गेले, जेवले" म्हणायला शिकते, आणि घरात सगळे तिला पाहुणी समजून पाट मांडतात. तेव्हा कुठं आपली माणसं हसली. आता त्या भागाची दोन व्हर्जन आहेत, टोलनाक्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं.

(स्टँडअप बाहेरनं आलंय असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. तमाशात बतावणी, म्हणजे सोंगाड्याचं विनोदी बोलणं, दुसरं काय असते? सोंगाड्या समोरची माणसं बघूनच बोलतो की.)

तुला सुरुवात करायचीय तर आकाशवाणीच्या नैमित्तिक निवेदकांच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. लेखी आणि आवाजाची चाचणी असते, महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, पोट भरणार नाही पण उच्चार आणि शिस्त लागते. पुण्याच्या खेपा पगार सुरू झाल्यावरच कर. आणि घरच्यांना स्टँडअपच्या कमाईचं काही बोलू नको, माझी अजून हातखर्चापुरतीच आहे, गेल्या महिन्यात चार शो करून 6,500 आले आणि त्यातले 2,000 प्रवासात गेले. घरात सूत्रसंचालनाचे आकडे सांग, ते त्यांना पटतात.

माझी आई रेडिओ रोज लावते. स्टँडअपला एकदा पण आलेली नाही. मागच्या महिन्यात म्हटलं पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवतो, ये, तर म्हणाली, "तिकीट काढून तुला काय ऐकायचं, घरात फुकट ऐकतो की मी."