टेन्शन कुठे लिहू?

अनेक आशीर्वाद.

खेळाडूंच्या मानसिक ताणाची प्रश्नावली तुर्कीत आणायचा तुझा मसुदा दोनदा वाचला. इंग्रजीतून तुर्कीत आणि तुर्कीतून परत इंग्रजीत, दोन्ही वेळा अनुवादक वेगळे. काम चोख आहे. तरी हे फॉर्म इतक्यात कुणाला वाटू नकोस.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी जी तपासणी मांडली, तिचा उंबरठा म्हणजे या प्रश्नावलीची दहा वाक्यं. प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज १७ किंवा वर गेली की पुढच्या प्रश्नावल्या. एखादं वाक्य फसलं तर त्रासातला खेळाडू उंबरठ्यावरूनच परत जाईल.

आमच्या मराठी नमुन्यात आम्ही 'चिंता' लिहिलं होतं. कबड्डीची पोरं 'कधीच नाही'वर खुणा करत गेली. शेवटी एकाने विचारलं, "चिंता नाही हो सर, टेन्शन असतं. ते कुठे लिहू?" तोवर दीडशे फॉर्म भरून झाले होते. ते सगळे वाया गेले.

म्हणून आधी दहा-बारा खेळाडूंसोबत बस. वाक्य मोठ्याने वाचायला लाव आणि स्वतःच्या शब्दांत सांगायला सांग. 'मैदानाबाहेर धोके पत्करले' यात तू 'साहा' (म्हणजे खेळाचं मैदान) शब्द घेतलास. फुटबॉलवाल्याला तो चालेल, पण पोहणाऱ्याचं काय? तुर्कीतल्या किर्कपिनारच्या कुस्त्यांत अंगाला तेल लावून गवतावर लढणाऱ्या पेहलिवानाचं काय? (पेहलिवान म्हणजे आपला पैलवानच.) 'जानिम सिकिलियोर' तर फार जपून वापर. त्यातली 'जान' आपलीच, ती आवळली जातेय. पण तुर्की माणूस नुसता कंटाळला तरी हेच म्हणतो. दुखापतीने घरी बसलेला खेळाडू कंटाळ्यापायीच गुण वाढवून बसेल.

फॉर्म प्रशिक्षकाच्या हातून देऊ नकोस. ज्याला रोज 'होजाम' (आपलं 'सर') म्हणायचं आणि ज्याच्या हाती संघनिवड आहे, त्याच्यासमोर निवडीच्या दडपणाबद्दल किंवा दारूबद्दल कोण खरं लिहील?

१७ चा आकडाही डोळे मिटून घेऊ नकोस. या वाक्यांवरचं सुरुवातीचं काम ऑस्ट्रेलियातल्या अव्वल पुरुष खेळाडूंवर झालं. तुर्कीच्या मुलींनी २०२३ मध्ये युरोपचं व्हॉलीबॉल अजिंक्यपद जिंकलं. त्या देशात निव्वळ पुरुष खेळाडूंवरून रेषा आखणं मला पटत नाही. काही खेळाडूंची मुलाखत मानसोपचारतज्ज्ञाकडून, गुण न दाखवता करून घे. मग रेषा कुठे पडते ते बघ. तेच वाक्य मुली आणि मुलगे वेगळ्या अर्थाने घेतात का, हेही तपास.

पुढच्या टप्प्यातल्या नैराश्याच्या प्रश्नावलीत नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर कुणी खूण केली, तर त्याच संध्याकाळी त्या खेळाडूला फोन कोण करणार? ते नक्की ठरव आणि मला कळव. मसुद्याचं पुढचं त्यानंतर बोलू.