मत द्यायचं राहून गेलं

"कागद झाले, नोकरी आहे, कुणी जा म्हणत नाही. तरी ब्रेक्झिटचं नाव निघालं की छातीत धडधडतं. इतक्या वर्षांनी असं होणं बरं आहे का?" पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये आलेल्या गोव्याकडच्या कुटुंबांतून हा प्रश्न समुपदेशनात पुन्हा पुन्हा येतो. त्यातलंच हे एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई सावंतवाडीकडच्या, राहतात स्विंडनला, गोदामात पॅकिंगचं काम करतात. नवरा डिचोलीचा. सासऱ्यांचा जन्म गोवा मुक्त होण्यापूर्वीचा, त्यामुळे नवऱ्याला पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं आणि २०१२ मध्ये दोघं इकडे आली. ताईंचा पासपोर्ट भारतीयच राहिला.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं का यावरच्या, २३ जून २०१६ च्या सार्वमतात मतदानाचा नियम असा होता: ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं, म्हणजे ताईंना होतं. युरोपीय संघाच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस वगळता, नव्हतं. म्हणजे नवऱ्याला नव्हतं. ज्याच्या पासपोर्टवर दोघांचं राहणं टिकून होतं त्याला मत नाही, आणि जिला होतं ती गेली नाही. दुपारची पाळी होती. सकाळचा स्वयंपाक उरकला आणि डोळा लागला. रात्री १० ला मतदान संपलं, तेव्हा त्या गोदामातून निघत होत्या.

मैत्रिणींनी समजूत घातली होती की १२ लाख ६९ हजारांच्या फरकानं निकाल लागला, तुझ्या एका मतानं काय झालं असतं? हिशेब खरा आहे. पण अपराधीपण वजाबाकीनं जात नाही, उलट "तुला कळतच नाही" असं वाटून माणूस गप्प होतो. ताई सात वर्षं गप्प होत्या.

अशा वेळी भीती आणि अपराधीपण वेगळं करावं लागतं, आणि सुरुवात भीतीपासून करावी, कारण तिच्यावर लगेच काही करता येतं. दोघांनाही सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क, मिळालेलं होतं, पण नवऱ्याकडे दाखवायला कार्ड नाही, सगळं ऑनलाइन. अर्ज एजंटाने भरला होता आणि खात्याला मोबाइल नंबरही त्याचाच दिला होता. लॉगिनचा कोड त्याच्याकडे जायचा, त्यामुळे स्वतःचं स्टेटस दोघांनी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. ही चूक फार घरांत आहे. नंबर आणि ईमेल आपला करून घ्यायचा. पासपोर्ट नवा काढला की त्याचा क्रमांक खात्यात भरायचा. नाहीतर विमानतळावर जुना क्रमांक जुळत नाही आणि खोळंबा होतो. शेअर कोड, म्हणजे आपलं स्टेटस दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड, काढून पाहायचा, तो ९० दिवस चालतो. सेटल्ड स्टेटस असलेल्याला सलग पाच वर्षांपर्यंत बाहेर राहता येतं, हेही ताईंना ठाऊक नव्हतं. आजारी आईकडे सावंतवाडीला दोन महिने जायलासुद्धा त्या घाबरत होत्या.

हे झाल्यावर झोप सुधारली. सल मात्र तसाच.

मग कागदावर एक वर्तुळ काढायला दिलं. "घरात आज जी भीती आहे ती कशाकशामुळे?" याची यादी करायची, प्रत्येक कारणाला वर्तुळातले टक्के द्यायचे आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी लिहायचा. क्रम महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात ताईंनी स्वतःपासून सुरुवात केली आणि ८० टक्के तिथेच संपवले. दुसऱ्या खेपेला मात्र, सार्वमत घेणारे, बाहेर पडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख मतदार, नवऱ्याला मत नाकारणारा नियम, एजंट, कामावरचे टोमणे, असं सगळं आधी मांडलं. शेवटी त्यांच्या वाट्याला दोन टक्के उरले. ते शून्य करायचा आग्रह धरला नाही. मत द्यायचं राहिलं, हे खरंच आहे, आणि त्याबद्दल हळहळ वाटणं योग्यच आहे.

नंतर नवऱ्याला बोलावलं. प्रत्येकी दहा मिनिटं, घड्याळ लावून. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, "पण" म्हणायचं नाही. पहिला प्रयत्न फसला: ताईंनी दुसऱ्याच मिनिटाला माफी मागितली आणि नवरा "जाऊ दे गो" म्हणून मोकळा झाला. माफी लवकर आली की मागचं बोलणंच थांबतं. म्हणून पुढच्या खेपेला माफीचा शब्द वर्ज्य केला. तेव्हा नवरा बोलला. निकालाच्या दिवशी कामावर एकानं हसत विचारलं होतं, "मग, सामान कधी बांधणार?" ते त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. ताईंवर राग नव्हताच, त्याला लाज वाटली होती की आपण बायकोला या गावात आणलं. ताई त्याच्या गप्प बसण्याला इतकी वर्षं राग समजत होत्या.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण सुटलं, कामावर जाववेना, तर एवढ्यावर थांबू नये. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे बोलण्यातून मानसिक उपचार करणाऱ्या सेवेकडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवता येतं आणि दुभाषाही मागता येतो.

शेवटच्या भेटीत ताईंनी विचारलं की स्थानिक निवडणुकीत नवऱ्याला मत आहे का. आहे, ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये तसा करार आहे. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, दोघांचेही पासपोर्ट चालतात. त्या मे महिन्यातल्या मतदानासाठी ताईंनी सकाळची सुट्टी आधीच मागून ठेवली होती.