लॉक असूनही खिशातल्या फोनवरून आपोआप कॉल लागतात, काय करावं?

तुम्ही म्हणता की फोन खिशात असताना नकळत कॉल लागतात आणि समोरच्याला नुसता कापड घासल्याचा आवाज येतो. हा त्रास मी बरेच महिने काढलाय. एकदा रात्री अकराच्या पुढे माझ्या फोनवरून मावशीला कॉल लागला. ती एकटी राहते. चार मिनिटं 'हॅलो, हॅलो' करून ती घाबरली आणि तिने आणखी दोन नातेवाइकांना झोपेतून उठवलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागेच लागलो.

सेटिंगला हात लावण्याआधी कॉल लॉग उघडा आणि हे कॉल कोणाला गेलेत ते बघा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ज्याच्याशी नुकतंच बोललात त्यालाच परत कॉल गेला असेल, तर फोन लॉक झालेलाच नव्हता असं समजा. कॉल चालू असताना कानाजवळचा प्रॉक्सिमिटी सेन्सर स्क्रीन बंद ठेवतो. फोन कानापासून लांब नेला की स्क्रीन उजळते, आणि बोलणं संपल्यावर बऱ्याच फोनवर कॉल लॉगच समोर उघडा राहतो. सगळ्यात वर आत्ताच बोललेल्या माणसाचं नाव. समोरच्याने फोन ठेवला म्हणून आपणही तसाच खिशात सरकवतो.

खात्री करायला मी एकदा स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं. त्यात बोटाचा स्पर्श ठिपक्याने दाखवायचा पर्याय असतो, तोही चालू केला आणि फोन तसाच उघडा खिशात टाकून जिना चढलो. नंतर रेकॉर्डिंग बघितलं तर प्रत्येक पायरीला स्क्रीनवर पांढरे ठिपके उमटत होते. यादी वर सरकली, खाली सरकली, मग एक ठिपका एका नावावर पडला आणि कॉल सुरू. या स्क्रीनला दाब लागतच नाही. शरीराच्या जवळिकीने तिचं विद्युत क्षेत्र बदलतं, तेवढं तिला पुरतं. खिशाचं अस्तर पातळ असलं किंवा घामाने ओलं झालं की मांडीचा स्पर्शही तिला बोटासारखाच वाटतो. शिवाय स्क्रीन ३० सेकंदांत आपोआप बंद होईल म्हणावं, तर प्रत्येक स्पर्शाला ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात कामाला आलेला उपाय साधा आहे. बोलणं संपलं की बाजूचं बटण दाबायचं, स्क्रीन काळी झालेली डोळ्यांनी बघायची आणि मगच फोन खिशात. ठेवतानाही स्क्रीन अंगाकडे नको, बाहेरच्या बाजूला.

आता, कॉल भलत्याच नावांना जात असतील तर लॉकची सेटिंग्ज तपासा. काही फोनमध्ये स्क्रीन बंद झाल्यावर लॉक लागायला काही मिनिटांची सवलत दिलेली असते, ती शून्यावर आणा. अँड्रॉइडमध्ये 'स्मार्ट लॉक' किंवा 'एक्स्टेंड अनलॉक' नावाची सोय आहे. त्यात अंगावर असेपर्यंत फोन उघडाच ठेवणारा पर्याय असतो. खिशात फोन ठेवणाऱ्याने तो बंदच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन उचलला की किंवा दोनदा टकटक केली की स्क्रीन उजळणं, हेही बंद करा. सॅमसंगच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अपघाती स्पर्श रोखण्याचा पर्याय आहे, शाओमीच्या फोनमध्ये 'पॉकेट मोड' मिळेल. तो चालू केला की सेन्सर झाकलेला असेपर्यंत स्पर्श चालत नाही. सॅमसंगवर यादीतलं नाव उजवीकडे सरकवलं तरी कॉल लागतो, ती सोयही बंद करता येते.

बोलताना गालानेच कॉल होल्डवर किंवा म्यूटवर जात असेल, तर स्क्रीन गार्डने सेन्सर झाकलाय का किंवा तिथे मळ साचलाय का ते बघा. ब्लूटूथ हेडसेट वापरत असाल तर त्याचंही बटण तपासा, कारण काही हेडसेटवर ते दोनदा दाबलं की शेवटचा नंबर परत लागतो.

आपत्कालीन नंबरचं मात्र वेगळं आहे. तो लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून पॉवर बटण लागोपाठ ५ वेळा दाबून हा कॉल लावायची सोय आली. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ९९९ या तिथल्या आपत्कालीन नंबरवर येणारे कॉल विक्रमी वाढले, तेव्हा तिथल्या पोलिसांनी त्यामागचं एक कारण म्हणून याच सोयीकडे बोट दाखवलं होतं. घट्ट कव्हरमुळे बटण आपोआप दाबलं जात असेल तर ते कव्हर आधी बदला. आयफोनवर 'इमर्जन्सी एसओएस'मध्ये जाऊन ५ वेळा बटण दाबण्याचा पर्याय बंद करता येतो, अँड्रॉइडवर सुरक्षा व आपत्कालीन विभागात. पण घरी कोणी आजारी असेल किंवा एकट्याने प्रवास होत असेल, तर ही सोय काढू नका. जिवावरच्या प्रसंगी तीच उपयोगी पडते.

आणि असा कॉल चुकून लागलाच तर घाबरून कट करू नका. पलीकडच्या माणसाला 'चुकून लागला, इथे सगळं ठीक आहे' एवढं सांगा. न बोलता ठेवलात तर तुम्ही संकटात नाही ना, याची खात्री करायला त्यांना परत फोन करत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ खरोखर अडचणीत असलेल्या कोणाचा तरी जातो.