विरोध कसला? पट भरायचा होता

तुम्ही विचारलंय, खान्देशात खेड्यांमध्ये मुलामुलींच्या एकत्र माध्यमिक शाळा कशा सुरू झाल्या, आणि गावांनी विरोध कसा केला नाही? आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हाच्या स्मरणिकेत याचं उत्तर छापलंय, 'ग्रामस्थांची दूरदृष्टी'. ते माझ्या चुलतभावानं लिहिलंय. साफ खोटं आहे.

जुनी हायस्कुलं धुळे, जळगाव, अमळनेर अशा गावांना. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरला शिकवायला आले, ते सांभाळायचे ते छात्रालयही मुलांचंच. चोपडा तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या गावात पोरगी सातवी झाली की घरी. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माध्यमिकचा भार मुख्यतः खाजगी संस्थांवर. संस्था म्हणजे गावातलेच पाच-सात कर्ते पुरुष. अनुदान हवं तर मान्यता हवी, मान्यता हवी तर पट हवा. दोन शाळांपुरती पोरं आणायची कुठून?

आमचा आठवीचा वर्ग १९७१ साली काकांच्या खळ्यातल्या कोठीत भरला. एका भिंतीला शेंगांची पोती, दुसरीला फळा. मी त्यात नव्हते. 'पोरगीले इंग्रजी शिकाडी काय कलेक्टर करशी?' असं हेच काका माझ्या वडिलांना म्हणाले होते. दिवाळीनंतर तपासणी ठरली. आम्ही कापूस वेचत होतो, काका बांधावरूनच ओरडले, 'पोरगीले बी धाड रे, पट भरस नही!'

बोटांना बोंडाचे ओरखडे तसेच घेऊन आम्ही सातजणी पुढच्या सतरंजीवर बसलो. त्यातली एक लग्न झालेली, माहेरपणाला आलेली. साहेबांनी नाव विचारल्यावर तिनं सवयीनं नवऱ्याचं आडनाव सांगितलं. साहेबांनी मान वर केली. तेवढ्यात चहा आला.

मान्यता मिळाली. मी मग वर्गातून उठलेच नाही, आईनं उठू दिलं नाही. मुलींना पाच मिनिटं आधी सोडायचे, विरोध म्हणाल तर तेवढाच. ७२ च्या दुष्काळात मोठी मुलं खडी फोडायला गेली, तेव्हा वर्ग रिकामा दिसला नाही तो आमच्यामुळे. १९७५ ला जुन्या अकरावीला आम्ही दोघी मुली बसलो. स्मरणिकेत आमचा फोटो नाही. काकांचा पानभर आहे.

सगळीकडे असंच झालं असं म्हणत नाही. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन फैजपूरला भरलं, त्या यावल-रावेर पट्ट्यात ध्येयानं शाळा काढणारी माणसं खरोखर होती. सातपुड्यातल्या आश्रमशाळांची गोष्टही निराळी.

तुम्ही कुठल्या शाळेचा इतिहास लिहिणार असाल तर स्मरणिका बाजूला ठेवा, जनरल रजिस्टर मागा. त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. आमच्या सातांपैकी पाचजणींपुढे 'घरगुती कारण' आहे. त्यात स्मरणिका लिहिणाऱ्याची सख्खी बहीण आहे, वर्गात पहिली आलेली. मान्यतेचं पत्र मार्गशीर्षात आलं, माघात तिला हळद लागली.