कापलेलं मनगट

प्रश्न : सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेला फोटो मी हौशी फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असे तीसेक निरोप आले. एका गृहस्थांनी मात्र लिहिलं, ‘भंडाऱ्याचा नुसता पिवळा डाग झालाय आणि उधळणाऱ्याचा हात मनगटात कापलाय.’ मला इतकं लागलं की फोटोच काढून टाकला. चुकलं का माझं? आणि मित्राच्या फोटोत खोट दिसली तर सांगावी का?
– एक वाचक, सासवड

उत्तर : फोटो पुन्हा टाका. तुम्ही सोबत पाठवलेली प्रत मी बराच वेळ पाहिली. भंडाऱ्याबद्दल त्यांचं बरोबर आहे. हळदीच्या पिवळ्यात लाल रंगाचा वाटा मोठा असतो. भर उन्हात कॅमेऱ्याचा लाल चॅनेल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधी जळतो, त्यातले बारकावे पुसले जातात, आणि साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, ते कळतही नाही. मग उडत्या भुकटीचा पोत जातो, सपाट रंग उरतो. पुढच्या वेळी लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (स्टॉप हे प्रकाशाचं माप) खाली घ्या, म्हणजे फोटो थोडा गडद ठेवा.

मनगटाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मूठ चौकटीबाहेर राहिल्यामुळे भंडारा थेट आभाळातून कोसळतोय असं वाटतं. मी ती तशीच ठेवली असती. पण तीस जणांत मनगटापर्यंत पोचलेली नजर त्यांचीच, हे विसरू नका.

आमच्या फोटोग्राफी मंडळात पूर्वी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट टेबलावर मांडायचो. एक ज्येष्ठ सभासद काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे जवळ बाळगत. माझ्या बैलपोळ्याच्या फोटोवर त्यांनी ते ठेवले, हळूहळू आत सरकवले आणि निम्मा फोटो झाकून विचारलं, “याची गरज आहे का?” अख्खी रात्र डार्करूममध्ये घालवून केलेली प्रिंट होती ती. महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. मग घरी तसेच दोन तुकडे कापले. ते अजून माझ्या टेबलावर आहेत.

मित्राचं म्हणाल, तर त्यानं विचारलं नसेल तेव्हा चारचौघांत बोलू नका. वेगळा निरोप पाठवून ‘सांगू का?’ विचारा. त्याला काय दाखवायचं होतं ते आधी ऐका, मग तुमची नजर कुठे गेली ते सांगा : ‘मला आधी मागचा निळा ड्रम दिसला, आजी नंतर.’ ‘कंपोझिशन कमजोर आहे’ या वाक्यातून कुणाच्याही हाती काही लागत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पाहून ‘शार्प नाही’ म्हणणं तर अन्यायच, कारण तिथे फोटो दाबून लहान होतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

त्या गृहस्थांनाही तुमची मूळ फाइल तशीच पाठवा, आणि मनगटाबद्दल माझं मत त्यांना पटतं का, तेही विचारा.